संविधान सभेतला एकच वाद नववीच्या वर्गात सांगायचा, तर कोणता?

मास्तरीणबाई | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्वभागातल्या एका शाळेत नववीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. २६ नोव्हेंबरला दरवर्षी आमच्याकडे उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं, मग कुणाचं तरी भाषण, मग राष्ट्रगीत. मुलं 'सार्वभौम समाजवादी' एका दमात म्हणून टाकतात, पाढे म्हणावेत तसं. यंदा मी भांडून एक तास मागून घेतलाय. तास म्हणजे पस्तीस मिनिटं, त्यातली पाच हजेरीत जातात.

मागच्या आठवड्यात एका पोराने विचारलं, "बाई, घटना लिहिताना भांडणं नाही झाली? आमच्या गल्लीत मंडळाचे नियम करताना खुर्च्या फेकल्या होत्या." वर्ग हसला. मी म्हटलं, झाली की. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्याचा पुढचा प्रश्न, "मग कोण जिंकलं?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले.

तर प्रश्न असा. त्या तीन वर्षांतला एकच वाद निवडायचा तर कोणता निवडाल? अट एवढीच की पोरांना घरी जाऊन तो वाद घालता आला पाहिजे. घर म्हणजे यंत्रमाग, विड्या, रिक्षा, गारमेंटचं शिवणकाम. घरात बोलतात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, काहीही.

एक विनंती. 'घटना नक्की कोणी लिहिली' हा वाद इथे नको. तो व्हॉट्सअॅपवर चोवीस तास चालू आहेच.

शेंगाचटणी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१४

पहिला! शेवटची विनंती किती प्रतिसाद टिकते ते मोजत बसतो. कडक भाकरी घेऊन बसलोय.

मंगळवेढेकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५२

बाई, खेड्याचा वाद घ्या. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेब म्हणाले की खेडं म्हणजे क्षुद्र स्थानिकपणाचं डबकं आणि अज्ञान, कोता विचार, जातीयता यांची गुहा. शब्द माझे, अर्थ त्यांचा. व्यक्ती हा घटक धरला, गाव धरलं नाही, याचा त्यांना आनंदच होता. दुसऱ्या दिवसापासून गांधीवादी मंडळी तुटून पडली. ह. वि. कामत बोलले, प्रा. रंगा बोलले. म्हणाले, ज्या गावांनी स्वातंत्र्याची लढाई लढली त्यांचा हा अपमान आहे. मग २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी पंचायतींचं कलम आणलं, आजचं कलम ४०, आणि बाबासाहेबांनी ते मान्यही केलं.

मी स्वतः गावात राहतो, ज्वारी पिकवतो, ग्रामपंचायतीत एकदा पडलोय. माझं मत बाबासाहेबांकडे झुकतं. गावावर प्रेम असणारे बहुतेक लोक मला पुण्यात भेटले.

निवांत_कोथरूड | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०३

शेवटचं वाक्य आमच्या अंगावर का हो? :)
माझं मत देवाच्या वादाला. १७ ऑक्टोबर १९४९. कामतांनीच दुरुस्ती आणली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी. राजेंद्रबाबू विनवतायत की देव मतदानाला टाकू नका, पण कामत हट्टाला पेटले. पंडित कुंझरू म्हणाले, ज्याची श्रद्धा नाही त्याच्यावर ही जबरदस्ती आहे. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, 'गॉड'च का, 'गॉडेस' का नको, आम्ही कामाख्येच्या मुलखातले. शेवटी मतदान झालंच. बाजूने ४१, विरुद्ध ६८.

शेंगाचटणी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०६

म्हणजे देव सत्तावीस मतांनी पडला. सोलापुरात ही दुरुस्ती आली असती तर आधी सिद्धरामेश्वर का रूपाभवानी यावर दोन महिने गेले असते, आणि मध्ये गड्ड्याची जत्रा आली म्हणून सभा तहकूब.

सत्यशोधक_७७ | १७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळं ठीक आहे, पण मुळात पहिला मसुदा सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी केला होता हे मुलांना का सांगत नाही?

शेंगाचटणी | १७ नोव्हेंबर, रात्री ११:३१

दोन प्रतिसाद टिकली, माझे धरून चार. भाकरी अजून संपली नाही.

वकीलकाका | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

हे एकदाच उत्तर देतो, पुन्हा देणार नाही. रावांचा कच्चा आराखडा ऑक्टोबर १९४७ चा, २४३ कलमं. मसुदा समितीचा मसुदा फेब्रुवारी १९४८ चा, ३१५ कलमं. मंजूर झाली ती घटना ३९५ कलमांची. रावांचं श्रेय बाबासाहेबांनी स्वतः शेवटच्या भाषणात दिलंय. आणि समितीतल्या सात जणांचं काय झालं ते टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितलं. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात, एकदोघे दिल्लीपासून लांब. ओझं एका माणसावर आलं. कृष्णम्माचारी काही बाबासाहेबांच्या पक्षाचे नव्हते. विषय बंद.

संपादक | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

यानंतरचे या विषयावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीची विनंती पाळा.

चंद्रभागा | १८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

माझं माहेर पंढरपूर. बाई, तुम्ही दिल्लीतला वाद शोधताय, पण त्यातला एक वाद आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच, उन्हात बसला होता.

तारखा शेजारी ठेवा. २९ एप्रिल १९४७ ला संविधान सभेत मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल आला आणि अस्पृश्यता नष्ट करणारं कलम चर्चेला आलं. बंगालचे प्रमथरंजन ठाकूर म्हणाले, जात तशीच ठेवून अस्पृश्यता कशी जाणार? ती तर रोगाचं लक्षण आहे, रोग वेगळाच. वर निवांत यांनी सांगितले तेच रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, अस्पृश्यतेची व्याख्या करा, नाहीतर कायदा कोणत्या गोष्टीला लावणार? व्याख्या झाली नाही, आजच्या कलम १७ मध्येही नाही. कलम मात्र मंजूर झालं.

आणि दोनच दिवसांनी, १ मे ला, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाच्या देवळात सर्वांना जाता यावं म्हणून. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून झालं होतं. उपोषण १० मे ला सुटलं. म्हणजे दिल्लीत हात वर करून जे एका दिवसात झालं, त्यासाठी इथे एक माणूस दहा दिवस उपाशी.

माझी आजी तेव्हा नवी सून होती, देवळाच्या मागच्या बोळात घर. ती सांगायची की घरातल्या पुरुषांत दोन तट पडले, जेवायला पंगती वेगळ्या बसायला लागल्या, आणि बायकांना कुणी विचारलंच नाही. देऊळ सर्वांना उघडणार म्हणून विरोधकांनी विठ्ठलाचं तेज घागरीत काढून ठेवल्याची गोष्टही तिच्याकडूनच ऐकली. तिला मी विचारलं होतं, "मग तू कुणाच्या बाजूची?" म्हणाली, "मी भाकऱ्या थापायच्या बाजूची. दोन्ही पंगतींना लागायच्याच."

मास्तरीणबाई | १८ नोव्हेंबर, दुपारी २:०५

चंद्रभागाताई, आजीला दंडवत. हे मला माहीत असायला हवं होतं. दोन्ही घटना माहीत होत्या, शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

मंगळवेढेकर | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

चंद्रभागाताईंना अनुमोदन. माझा खेड्याचा मुद्दा मागे घेत नाही, उलट पुढे रेटतो. गुहेत काय असतं ते पंगतीवरून कळलं.

विडीवालीची_लेक | १८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

भाषेचा वाद का कुणी घेतला नाही? १० डिसेंबर १९४६, सभेचा दुसराच दिवस. झाशीचे धुळेकर उठून हिंदुस्तानीत म्हणाले की ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना हिंदुस्तानात राहायचा हक्क नाही. अध्यक्षांनी त्यांना बसवेपर्यंत गोंधळ. आडनाव मराठी बरं का! पुढे दक्षिणेकडून 'हिंदी साम्राज्यवाद' हा शब्द आला. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ असे तीन दिवस घमासान, आणि सगळ्यात जास्त रक्त आटलं ते आकड्यांवर! देवनागरी आकडे का आंतरराष्ट्रीय? कलम ३४३ नुसार संघाच्या कारभारात आंतरराष्ट्रीय आकडे.

आमच्या घरात आई तेलुगूत रागावते, बाबा मराठीत हिशोब करतात, शेजारच्या काकू कन्नडमधून साखर मागतात, मी इंग्रजीत नोकरी करते. विड्यांचा हजार मोजताना आई मात्र कायम तेलुगूतच मोजायची. 'वोकटि, रेंडु'. मोजण्याची भाषा बदलत नाही, हे त्या सभेतल्या लोकांना कळलं होतं असं मला वाटतं, म्हणूनच आकड्यांवर एवढं भांडले.

शेंगाचटणी | १८ नोव्हेंबर, रात्री ८:२६

या धाग्यावर सगळे देवनागरी आकडे टाकताहेत. धुळेकर बघत असतील तर खूश असतील.

निवांत_कोथरूड | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४५

हिंदी एका मताने जिंकली ना?

वकीलकाका | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

संविधान सभेत नाही. ते मतदान काँग्रेस पक्षाच्या बैठकीतलं, ७८ विरुद्ध ७७. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत लिहिलं, तेव्हा लोकांना कळलं. सभागृहात तोपर्यंत मुनशी-अय्यंगार तोडगा तयार होता. बऱ्याच वादांचं असंच होतं. पक्षाच्या बैठकीत कुस्ती आणि सभागृहात नमस्कार. मुलांना हेही सांगा, नाहीतर त्यांना वाटेल सगळं माइकवरच ठरतं.

आता माझं मत. अजून कुणी संपत्तीच्या हक्काचं नाव काढलं नाही, आणि सोलापूरकरांनी ते काढू नये म्हणजे कमाल आहे. जुनी गिरणी आठवते का कुणाला?

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, २७ ऑगस्ट १९४९ ला बंद पडली. हजारो कामगार घरी. बरोबर दोन आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, नेहरू दिल्लीत मालमत्तेचं कलम मांडत होते. सरकारने कुणाची मालमत्ता घेतली तर भरपाई किती द्यायची, 'योग्य' हा शब्द घालायचा का नाही, कोर्टाला त्यात नाक खुपसू द्यायचं का, यावर जमीनदारांचे वकील एकीकडे आणि समाजवादी दुसरीकडे. मधला मार्ग काढला आणि कलम ३१ झालं.

जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून आपल्या गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. मालकांचे संचालक बाहेर, सरकारचे आत. एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. चिरंजीतलाल चौधरी खटला, निकाल ४ डिसेंबर १९५०. त्याचं म्हणणं, देशात एवढ्या गिरण्या, कायदा फक्त सोलापूरच्या एकाच गिरणीला का? हा समानतेचा भंग नाही का? तो हरला, पण तीन विरुद्ध दोन. मग दुसऱ्या भागधारकाचा द्वारकादास खटला, डिसेंबर १९५३. यात न्यायालय फिरलं. म्हणालं, कारभार ताब्यात घेणं म्हणजे मालमत्ताच घेणं, भरपाई नाही तर कायदा रद्द. अशा निकालांमुळे १९५५ ला चौथी घटनादुरुस्ती करावी लागली. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतूनच गेला.

देशभरच्या विधी महाविद्यालयांत पोरं 'शोलापूर मिल केस' पाठ करतात. आमच्या बार रूममध्ये अर्ध्या लोकांना ती गिरणी कुठे होती ते सांगता येत नाही.

गिरणगावचा_नातू | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काका, माझे आजोबा त्याच गिरणीत साच्यावर होते. त्यांना खटला वगैरे काही माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "भोंगा बंद झाला अन् पेठेतली उधारी बंद झाली." किराणावाल्याने वही मिटली. भागधारकाचा मूलभूत हक्क होता हे तुमच्यामुळे आज कळलं. आजोबांचा काय होता?

वकीलकाका | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४४

कामाचा हक्क कलम ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.' त्यावर कोर्टात जाता येत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कलम आहे.

तुळजापूर_नाका | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सगळे वाद वाचले. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. या वादांत आमच्याकडचं कुणीच नव्हतं. आमचं गाव नळदुर्गजवळ, सोलापूरहून मोटरसायकलवर तासाभरात. पण ते निजामाचं राज्य. सोलापूरकरांचे प्रतिनिधी मुंबई प्रांतातून सभेत होते. हैदराबाद संस्थानातून कुणीच गेलं नाही. सैन्य सोलापूरहून निघालं, १३ सप्टेंबर १९४८ ला पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ ला निजाम शरण. पुढे नोव्हेंबरात दिल्लीत मसुद्यावर कलमवार चर्चा सुरू झाली, तरी आमच्या जागा रिकाम्याच. शेवटी १९४९ च्या नोव्हेंबरात निजामाच्या फर्मानाने आम्ही घटना मान्य केली म्हणे. 'आम्ही भारताचे लोक' मधला आमचा 'आम्ही' निजामाने भरला, ही गंमत बघा.

शेंगाचटणी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

ही गंमत नाही बे, हा तर वाद क्रमांक एक आहे. बाई, पस्तीस मिनिटं विसरा, पोरांना मुक्कामाला बोलवा.

चौपाडातली | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

मार्शल लॉ राहिला. १९३० च्या मे मध्ये इथे लष्करी कायदा लागला, तिरंगा हातात घेतला म्हणून शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. हे आपल्याला पाठ आहे, चौकातून रोज जातो. पण आपल्याच घटनेत कलम ३४ आहे. लष्करी कायद्याच्या काळात अधिकाऱ्यांनी जे केलं त्याला संसद नंतर कायद्याने संरक्षण देऊ शकते. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीत कोर्टात जायचा हक्क थांबवण्याची तरतूद झाली, तेव्हा कामत म्हणाले होते की हा दुःखाचा आणि शरमेचा दिवस आहे. एवढंच. वाद मोठा आहे, मी तो मांडू शकत नाही, पण चार पुतळ्यांच्या शहराने तो टाळू नये.

सात_रस्ता | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

अवांतर: राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघाचा वाद कुणी घेणार असेल तर सोलापूरचं उदाहरण घ्या. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला सोलापुरातून दोन खासदार निवडून गेले, दुहेरी मतदारसंघ होता. शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. त्याच निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले. फेडरेशनचे देशभरात दोनच खासदार, त्यातला एक आपला.

सत्यशोधक_७७ | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. (हा प्रतिसाद उडवू नये.)

तारेआतला | २० नोव्हेंबर, रात्री ११:५५

बरेच दिवस वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

बाई, तुमच्या शाळेपासून फार लांब नसेल, सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं की कळतं. नाव का पडलं ते फार थोडे सांगतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पुढे अशा लोकांना सोलापुरात काटेरी तारेच्या आत आणून ठेवलं. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट. आत राहायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायला पास लागायचा. गिरण्यांना माणसं हवीच होती, तारेआतली माणसं कामाला जायची आणि भोंगा झाला की परत आत. वर नातवाने आजोबांचा भोंगा सांगितला. माझ्या आजोबांचाही तोच भोंगा होता. त्यांच्या भोंग्यानंतर हजेरी होती, एवढाच फरक.

आता दिल्ली. डिसेंबर १९४८. आजचं कलम १९, तेव्हा मसुद्यात १३, त्यावर चर्चा चालू. भारतात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क. बहुतेक जण भाषणस्वातंत्र्यावर बोलतायत, राजद्रोह हा शब्द काढा म्हणतायत, 'परंतु' फार झालेत म्हणतायत. मध्य प्रांत-वऱ्हाडचे हे. जे. खांडेकर उठले आणि म्हणाले, या देशात सुमारे कोटीभर लोक असे आहेत की मूल जन्मलं की गुन्हेगार. त्यांना एका गावातून दुसऱ्या गावात जाता येत नाही. हे कलम त्यांना लागू आहे का नाही?

त्या दिवशी माझे आजोबा तारेआत होते. मुंबई प्रांताने कायदा १९४९ ला रद्द केला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आमच्यात तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. १५ ऑगस्टला आजोबा झेंड्याला जायचे, पण नवे कपडे ३१ ऑगस्टला घालायचे.

मला वाचताना वाटायचं, संविधान सभेत आपलं कुणी नव्हतं. खांडेकर आमच्यातले नव्हते, पण त्यांनी विचारलं.

चंद्रभागा | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

दादा, पुन्हा पुन्हा वाचलं. माझं मत मी पंढरपुरावरून काढून तुमच्याकडे देते.

विडीवालीची_लेक | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी पण. आकड्यांचं नंतर बघू.

माजी_मुख्याध्यापक | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मी विरोध नोंदवतो. तेहतीस वर्षं वर्गात उभा राहिलोय. बाई, हे वर्गात नेऊ नका. तुमच्या चाळीस पोरांत दोन-तीन त्या जमातींतली असतील. तुम्ही 'जन्मजात गुन्हेगार' हा शब्द फळ्यावर लिहिणार आणि मधल्या सुट्टीत बाकीची पोरं तो शब्द कुणाला चिकटवणार, हे तुम्हाला माहीत आहे. कायदा ७० वर्षांपूर्वी गेला, चोरी झाली की पहिली झडती कुठे होते ते अजून तेच आहे. पंढरपूरचा विषय घ्या, मुलं मोकळेपणाने बोलतील.

तारेआतला | २१ नोव्हेंबर, दुपारी १:२०

सर, तुमचं म्हणणं खरं आहे. माझ्या बाबतीत झालंय. एका शिक्षकांनी वर्गात पैसे हरवले तेव्हा फक्त माझंच दप्तर उलटं केलं होतं. पैसे त्यांच्याच खिशात सापडले. पण सर, तेव्हा वर्गाला हा कायदा कुणी शिकवला नव्हता. न शिकवताच त्यांना माहीत होतं कुणाचं दप्तर बघायचं.

बाई, सांगा. फक्त 'कुणाचं घर तिकडे आहे' असं विचारू नका. आणि जमातींची यादी फळ्यावर नको. कायदा सांगा, तार सांगा, खांडेकरांचा प्रश्न सांगा, आणि विचारा की तुम्ही सभेत असता तर काय उत्तर दिलं असतं.

माजी_मुख्याध्यापक | २१ नोव्हेंबर, दुपारी २:००

मत बदललेलं नाही. तुमच्यापुढे मात्र वाद घालणार नाही.

वकीलकाका | २१ नोव्हेंबर, दुपारी २:४०

एक कायदेशीर टीप. संचाराच्या हक्काला कलम १९(५) ची मर्यादा आहे, सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध. पोरांना विचारा, तार वाजवी होती का आणि 'जनता' कोण. आणि याच चर्चेच्या दीड वर्ष आधी, चंद्रभागाताईंच्या त्या २९ एप्रिललाच, बंगालचे कम्युनिस्ट सोमनाथ लाहिरी म्हणाले होते की हे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे वाटतात. फाळणीनंतर त्यांचं सदस्यत्व गेलं.

शेंगाचटणी | २१ नोव्हेंबर, दुपारी २:४५

आज विनोद सुचत नाही. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

मास्तरीणबाई | २७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

काल तास झाला. उशिरा लिहितेय, कारण आज पालकसभा होती.

सरांचं आणि दादांचं, दोघांचं ऐकून असं केलं. जमातींची नावं घेतली नाहीत. वर्गात खडूने जमिनीवर रेघ मारली, अर्धी बाकं आत, अर्धी बाहेर. आत कोण ते हजेरीपटाच्या सम-विषम क्रमांकावरून. आतल्यांनी पाणी प्यायला जायचं तर पास घ्यायचा, दर पाच मिनिटांनी हजेरी. मग कलम १९ मोठ्याने वाचलं. मग खांडेकरांचा प्रश्न. वीस मिनिटं राहिली होती, ती पुरली नाहीत.

बाहेरच्यांतली एक मुलगी म्हणाली, "पण बाई, आतल्यांनी काहीतरी केलंच असेल ना." आतला एक म्हणाला, "मी सम आहे एवढंच केलंय." तिथून जे पेटलं ते मधल्या सुट्टीतही चालू. सर, तुमची भीती अगदीच खोटी ठरली असं सांगणार नाही. एक शब्द मागच्या बाकावरून आलाच. मी तो ऐकला, आणि ज्याच्यासाठी होता त्यानेही ऐकला.

तो मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी आला. म्हणाला, "बाई, आमच्या आधार कार्डावर पत्ता सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. मला वाटायचं घरं फुकट मिळाली म्हणून फ्री." आणि विचारलं की खांडेकर कुठले. मी म्हटलं, नागपूरकडचे. "मग इकडचं त्यांना कसं माहीत?" याचं उत्तर मला आलं नाही.

तारेआतला | २७ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मलाही लहानपणी तसंच वाटायचं. तारेआतून सुटलेल्यांना बाहेर वसवलं ती फ्री कॉलनी. त्याला सांगा, नंबरही असतात, तुझा कितवा ते घरी विचार.

वकीलकाका | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

छान. मग गिरणीचं काय?

मास्तरीणबाई | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

काका, पुढच्या वर्षी. तोपर्यंत 'भरपाई' आणि 'योग्य भरपाई' यातला फरक नववीला कळेल अशा भाषेत लिहून ठेवा. दोन पानांत.

वकीलकाका | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:२१

दोन पानांत? सर्वोच्च न्यायालयाला जमलं नाही.

शेंगाचटणी | २८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

काका, किराणावाल्याच्या वहीपासून सुरुवात करा. जमेल.